वणव्याचा नकाशा आणि घरमालकाच्या नावाचे पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन गोष्टी घडल्या. लॉस एंजेलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन हे वणवे पेटले आणि विझेपर्यंत त्यांनी मिळून १६,०००हून अधिक इमारती जाळल्या. त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला असलेल्या ओरेगन राज्याने, साडेतीन वर्षांच्या खटपटीनंतर, कोणत्या जमिनीला वणव्याचा किती धोका आहे हे दाखवणारा आपला सुधारित नकाशा जाहीर केला. शेजारच्या राज्यातले जळते डोंगर रोज डोळ्यांसमोर दिसत असताना आलेला हा नकाशा लोकांनी निमूटपणे स्वीकारला असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात जुलै २०२५मध्ये तो कायदा करूनच रद्द करण्यात आला आणि त्याला दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींचा पाठिंबा होता.

वणव्याच्या धोक्याची क्षेत्रे सरकारने आखावीत का आणि आखल्यावर तिथल्या बांधकामावर व झाडझाडोऱ्यावर बंधने घालावीत का, हा प्रश्न आता अनेक देशांपुढे आहे. आखावीत, असेच माझे मत आहे. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे जमीनमोजणीत गेली असल्यामुळे नकाशावरच्या रेघेवरून भांडणे कशी पेटतात हे मी जवळून पाहिले आहे, आणि ओरेगनचा नकाशा ज्या कारणांनी बुडाला त्यांत शास्त्राचा दोष थोडा आणि तो लोकांच्या हाती देण्याच्या रीतीचा दोष मोठा होता, असे मला वाटते. म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे.

सप्टेंबर २०२०मध्ये ओरेगनमध्ये सुटलेल्या जोरदार वाऱ्यांत एकाच वेळी अनेक वणवे पसरले. १० लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले, ४,०००हून अधिक घरे गेली आणि टॅलेंट व फीनिक्स या लगतच्या गावांचा मोठा भाग बेचिराख झाला. त्या धक्क्यातून राज्याने २०२१मध्ये ‘सिनेट विधेयक ७६२’ संमत केले. राज्य विद्यापीठ आणि वनखाते यांनी मिळून प्रत्येक भूखंडाचा वर्ग ठरवायचा, असे त्यात होते. वर्ग पाच होते, अगदी ‘जोखीम नाही’ येथपासून ‘अतितीव्र’ येथपर्यंत. रान आणि वस्ती जिथे एकमेकांना भिडतात त्या पट्ट्यातला भूखंड वरच्या दोन वर्गांत आला, तर घराभोवतीची जागा मोकळी ठेवण्याचे आणि नवे बांधकाम अग्निरोधक रीतीने करण्याचे नियम त्याला लागू व्हायचे होते. जून २०२२च्या शेवटी नकाशा प्रसिद्ध झाला आणि सुमारे ८०,००० मालमत्ताधारकांना पत्रे गेली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांत, तो मागे घ्यावा लागला.

लोकांच्या तक्रारी नीट वाचल्या तर त्यातल्या बऱ्याच साध्या आणि समजण्यासारख्या होत्या. ज्यांनी स्वतःच्या खर्चाने छप्पर बदलले होते, भिंतीलगतची झुडपे काढली होती, त्यांना आणि ज्यांच्या अंगणात वाळलेल्या लाकडांचा ढीग होता त्यांना एकच वर्ग मिळाला होता. ओलिताखालची हिरवी कुरणे नकाशात ज्वालाग्राही गवत म्हणून धरली गेली, अशी शेतकऱ्यांची हरकत होती. विम्याचा हप्ता वाढेल किंवा विमाच नाकारला जाईल, ही भीती सर्वांनाच होती आणि विमा नियामकांनी खुलासा करूनही ती गेली नाही. सगळ्यांत मोठी तक्रार क्रमाविषयी होती. आधी वर्ग ठरला, मग पत्र आले, आणि हा वर्ग कशावरून ठरला हे समजावून सांगणाऱ्या सभा त्यानंतर. आपल्या प्रशासकीय भाषेत सांगायचे तर ‘हरकती व सूचना’ मागवण्याआधीच अंतिम यादी घरपोच झाली होती. मोजणीला आलेल्या माणसाने लगतच्या धारकांना नोटीस न देताच हद्दीच्या खुणा रोवाव्यात, तसे हे झाले. खुणा अगदी बरोबर असल्या, तरी त्या उपटल्या जाणारच.

२०२३मध्ये विधिमंडळाने दुरुस्त्या केल्या आणि त्या चांगल्या होत्या. पाचाचे तीन वर्ग झाले. या नकाशाच्या आधारे विमा रद्द करण्यास किंवा हप्ता वाढवण्यास कंपन्यांना कायद्याने मनाई झाली. ओलिताखालच्या शेतजमिनीचा हिशेब पुढे सुधारण्यात आला. आणि नकाशाचे नावही बदलले. ‘जोखमीचा नकाशा’ आता ‘धोक्याचा नकाशा’ झाला. हा शब्दच्छल आहे, अशी टीका तेव्हा झाली, पण माझ्या मते त्या सगळ्या दुरुस्त्यांत मूलभूत दुरुस्ती हीच होती.

बोलताना आपण ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. वणव्याच्या शास्त्रात मात्र धोका हा जमिनीचा असतो. एखाद्या ठिकाणी आग लागण्याची शक्यता किती आणि लागली तर ती किती प्रखर होईल, हे तिथला वारा, हवेचा कोरडेपणा, चढ-उतार आणि वनस्पती यांवर ठरते. उताराचेच पाहा. चढाच्या दिशेने जाणारी आग दर १० अंश चढाला साधारण दुप्पट वेगाने सरकते, कारण वरच्या बाजूचे गवत-झुडूप ज्वाळांनी आधीच तापलेले असते. हे सारे तिथे घर असो वा नसो, तसेच राहते. जोखीम मात्र तिथे काय उभे आहे आणि ते किती लवकर पेटेल याची असते. कॅलिफोर्नियाचे वनखाते आपल्या नकाशाबद्दल हेच सांगते: तो ३० ते ५० वर्षांच्या काळातल्या धोक्याचा आहे, आणि घरमालकाने केलेले बंदोबस्ताचे उपाय त्यात धरलेले नाहीत.

म्हणजे छप्पर बदलले तरी माझा वर्ग का बदलला नाही, या ओरेगनच्या घरमालकाच्या प्रश्नाला शास्त्राकडे सरळ उत्तर होते. पण ते उत्तर त्याला पटावे तरी कसे? नकाशा डोंगराविषयी बोलत होता आणि पत्र मात्र त्याच्या नावाने, त्याच्या भूखंडाच्या क्रमांकासह आले होते. २०२५च्या सुधारित नकाशात सुमारे १९ लाख भूखंडांपैकी साधारण ६ टक्के, म्हणजे १,०६,००० च्या आसपास भूखंड, ‘उच्च धोका’ आणि रान-वस्तीचा पट्टा या दोन्ही कसोट्यांत बसत होते. त्या सर्वांना पुन्हा रजिस्टर टपालाने पाकिटे गेली, आणि तीन वर्षांपूर्वीचा सगळा संताप पुन्हा वर आला.

येथे नकाशाच्या प्रमाणाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. वनस्पतींचे असे अनेक नकाशे लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांवरून तयार होतात आणि त्या प्रतिमेतला एक चौकोन जमिनीवर ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. ९०० चौरस मीटरांच्या त्या एका ठिपक्यात घर, अंगण, कुंपण आणि शेजाऱ्याची अर्धी बाग मावते. दरीच्या कोणत्या अंगाला आग पसरेल हे सांगायला तो ठिपका पुरेसा आहे. भिंतीला लागून सरपण रचले आहे का, हे त्याला कधीच दिसणार नाही. ज्या प्रमाणावर पाहणी झाली त्याहून बारीक प्रमाणावर निर्णय देऊ नये, हा आमच्या कामातला पहिला धडा असतो.

आणि घर पेटते ते बहुधा त्या न दिसणाऱ्या बारीकसारीक गोष्टींमुळेच. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले, की घर वाचणार की जाणार हे मुख्यतः घराची बांधणी आणि त्याच्या सभोवतालची काही मीटर जागा यांवर ठरते. ज्वाळांच्या भिंतीपेक्षा वाऱ्यावर पुढे उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी अधिक घरे पेटतात. पन्हळीत साचलेला पाचोळा, छपराखालचे झरोके, दारातले काथ्याचे पायपुसणे, भिंतीला टेकलेले लाकडी कुंपण, एवढे त्यांना पुरते. कॅलिफोर्नियाने २०२० साली कायद्यात आणलेला भिंतीपासून पहिल्या ५ फुटांचा ‘शून्य पट्टा’ याच अनुभवातून आला. त्याचे तपशीलवार नियम १ जानेवारी २०२३पर्यंत करायचे होते. ती मुदत हुकली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये गव्हर्नर न्यूसम यांना ते काम मार्गी लावण्यासाठी आदेश काढावा लागला. घराला चिकटून असलेली हिरवी झुडपे काढायला लोक किती नाखूश असतात, हे त्यावरून कळते.

निखारे नकाशा वाचत नाहीत. ऑक्टोबर २०१७मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा शहरात टब्स वणवा सहापदरी महामार्ग ओलांडून कॉफी पार्क या सपाटीवरच्या वसाहतीत शिरला आणि तिथली १,००० हून अधिक घरे जळाली. ही वसाहत सरकारी नकाशातल्या धोकाक्षेत्राबाहेर होती. ३० डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, कोलोरॅडोत मार्शल वणव्याने वाळक्या गवतातून शहरी वसाहतींत शिरून १,००० हून अधिक घरे नष्ट केली. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या आल्टाडेनात जळालेली बरीच घरेही तेव्हाच्या नकाशातल्या ‘अतिउच्च’ क्षेत्राच्या बाहेर होती. नकाशा अकारण घाबरवतो, अशी ओरड नेहमी ऐकू येते. रेघेच्या अलीकडे राहणारा माणूस आपल्याला काही करायचे नाही अशा समजुतीत राहतो, हे त्याहून घातक आहे, आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

कॅलिफोर्नियाने २०२५च्या वसंतात स्थानिक संस्थांच्या हद्दीतले नकाशे नव्याने काढले तेव्हा हे लक्षात घेतलेले दिसते. १९९१च्या ओकलंडच्या आगीत २५ माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर झालेल्या कायद्यानुसार या हद्दीत फक्त ‘अतिउच्च’ क्षेत्रे आखली जात. आता मध्यम आणि उच्च हे वर्गही आले. नकाशा हाती आल्यावर स्थानिक संस्थेने तो ३० दिवसांत लोकांपुढे ठेवायचा आणि १२० दिवसांत ठरावाने स्वीकारायचा. तिला क्षेत्र वाढवता येते, कमी करता येत नाही. बिल्डरांचा आणि मतदारांचा दबाव कोणत्या दिशेने असतो हे पाहता हा एकतर्फी दरवाजा मला योग्यच वाटतो. पण मग चूक दाखवायला नागरिकाने कुठे जायचे, याची वेगळी आणि खरीखुरी सोय हवी. ठराव होणारच असेल तर ती सुनावणी केवळ उपचार ठरते.

माझ्या मते या कामाची सर्वांत समंजस विभागणी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात झाली आहे. ७ फेब्रुवारी २००९च्या वणव्यांत तिथे १७३ माणसे मृत्युमुखी पडली, २,०००हून अधिक घरे जळाली आणि शाही चौकशी आयोग नेमला गेला. त्यानंतर ‘वणवाप्रवण क्षेत्रा’चा राज्यव्यापी नकाशा आला. तो फक्त एवढेच सांगतो, की या भागात घर बांधायचे असेल तर आधी जागा तपासून घ्या. तपासणी जागेवर होते. १०० मीटरांच्या आत कोणत्या प्रकारची वनस्पती आहे, ती घरापासून किती अंतरावर आहे, तिच्याखालचा उतार किती आणि कोणत्या दिशेला आहे, एवढी मापे घेऊन घराच्या भिंतीवर किती उष्णता येईल याचा अंदाज काढला जातो आणि त्यावरून सहापैकी एक स्तर ठरतो. सर्वांत खालच्या स्तराला विशेष बांधकामाची गरज मानली जात नाही. त्यावरचे चार स्तर १२.५, १९, २९ आणि ४० अशा आकड्यांनी ओळखले जातात. हे आकडे दर चौरस मीटरला येणाऱ्या उष्णतेचे, किलोवॅटमधले आहेत. त्याही पलीकडे प्रत्यक्ष ज्वाळा भिडतील असा सहावा स्तर आहे. काच कोणती, दार कसले, झरोक्याची जाळी किती बारीक, हे त्या स्तरावरून ठरते. मालकाने घर झाडीपासून मागे सरकवले तर स्तर उतरतो आणि खर्चही उतरतो. म्हणजे त्याच्या हातात काहीतरी राहते. शिवाय हा नकाशा साधारणपणे वर्षातून दोनदा तपासला जातो आणि जिथे रान जाऊन वस्ती झाली तो भाग त्यातून वगळला जातो. मोजणी जुनी होते हे मान्य करणारे सरकार विरळाच.

आता हद्दीचा प्रश्न. कॅलिफोर्नियात घराभोवती १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर, मोकळी जागा राखावी लागते, पण सर्वसाधारणपणे स्वतःच्या हद्दीपर्यंतच. भूखंड लहान असेल तर त्या अंतरात शेजाऱ्याची झाडेच काय, शेजाऱ्याचे घरही येते आणि दाट वसाहतीत एक घर पेटले की पुढच्या घरासाठी तेच सरपण ठरते. फ्रान्सने उलट मार्ग धरला आहे. तिथे वणव्याच्या क्षेत्रांत, जंगलापासून २०० मीटरांच्या आत असलेल्या घरांभोवती ५० मीटर झाडोरा विरळ करण्याची सक्ती आहे. हे अंतर भिंतीपासून मोजायचे आणि ते शेजाऱ्याच्या जमिनीत गेले तरी जबाबदारी घरमालकाचीच. शेजाऱ्याची परवानगी मागायची आणि त्याने ती नाकारली तर जबाबदारी त्याच्या अंगावर जाते. २०२५पासून घर विकताना किंवा भाड्याने देताना ही सक्ती समोरच्याला सांगणेही बंधनकारक झाले आहे. बांधावरून आयुष्यभर भांडणारी माणसे पाहिलेल्या मला हा नियम वाचून आधी घाम फुटला, हे कबूल करतो. तरीही आगीच्या दृष्टीने तोच बरोबर आहे. घराच्या सुरक्षिततेचे अंतर मालकीच्या रेघेवर तोडले तर ते अंतरच राहत नाही. फक्त शेजाऱ्याला विचारायला घरमालकाला एकट्याला पाठवू नये. त्या चर्चेच्या वेळी स्थानिक संस्थेचा माणूस हजर असला पाहिजे.

विम्याबद्दल थोडक्यात. मोठ्या विमा कंपन्या जोखमीचे स्वतःचे गणित वापरतात आणि सरकारी नकाशा रद्द झाला म्हणून ते गणित रद्द होत नाही. सरकारी नकाशा निदान सर्वांना पाहता येतो आणि त्यावर वाद घालता येतो. कॅलिफोर्नियाने २०२२मध्ये नियम केला, की घरमालकाने उपाय केले असतील तर कंपनीने हप्त्यात सवलत द्यावी, त्याच्या घराला दिलेला जोखमीचा अंक त्याला सांगावा आणि त्यावर अपील करू द्यावे. ओरेगनच्या लोकांना नकाशा रद्द करण्याऐवजी हे मागता आले असते.

शेवटचा आणि मला सर्वांत कमी चर्चिला गेलेला वाटणारा मुद्दा जुन्या घरांचा. कॅलिफोर्नियाची धोकाक्षेत्रांसाठीची कडक बांधकाम संहिता २००८मध्ये आली. नोव्हेंबर २०१८मध्ये पॅराडाइज गाव जळाले आणि ८५ माणसे मृत्युमुखी पडली, त्यानंतर एका वृत्तसमूहाने केलेल्या पाहणीत वणव्याच्या वाटेतली २००८नंतर बांधलेली सुमारे निम्मी घरे शाबूत आढळली. त्याआधीच्या घरांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. नियम काम करतात, याचा हा पुरावा म्हणून सांगितला जातो आणि तो आहेही. पण त्याच पाहणीत नवी घरे काहीशे होती आणि जुनी सुमारे १२,००० होती. नव्या बांधकामापुरते नियम करून सरकार मोकळे झाले, तर गावातले बहुतेक छत जसे होते तसेच राहते, आणि नव्या घराच्या शेजारी उभे असते ते जुनेच घर. जुने छप्पर, जुने झरोके बदलायला पैसे लागतात. अशा वस्त्यांत निवृत्त आणि बेताच्या उत्पन्नाची माणसे राहत असतील, तर नोटिशीने त्यांचे घर सुधारणार नाही. त्यांच्यासाठी अनुदानाची रक्कम नकाशाबरोबरच मंजूर झालेली असावी आणि वर्ग कळवणाऱ्या पत्रातच ती कशी मिळेल हे लिहिलेले असावे.

तेव्हा वणव्याच्या क्षेत्रांचे नकाशे कुठल्याही सरकारने काढावेत, पण ते परिसराचे असावेत आणि प्रत्येक घराचा निर्णय त्या घराच्या अंगणात उभे राहून, मालकासमक्ष व्हावा. पत्र पाठवण्यापूर्वी गावोगावी मसुदा टांगावा. कोणत्या वर्षीच्या उपग्रह प्रतिमा आणि वाऱ्याच्या नोंदी वापरल्या, हे नकाशाच्या कोपऱ्यात छापावे आणि पुढची तपासणी कधी होणार ती तारीखही तिथेच द्यावी. रेघेबाहेरच्या पण निखाऱ्यांच्या टप्प्यातल्या वस्त्यांनाही एक वेगळे पत्र जावे, बंधन न घालणारे, पण पन्हळ आणि पहिल्या ५ फुटांविषयी स्पष्ट सांगणारे.

ओरेगनने नकाशा रद्द करताना घराभोवतीची जागा आणि बांधकाम यांचे नमुना नियम मात्र ठेवले आहेत. ते स्वीकारायचे की नाही, हे आता एकेका शहराने आणि काउंटीने ठरवायचे आहे. जी गावे ते स्वीकारणार नाहीत, त्यांच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या गावांना या निर्णयात काही म्हणता येईल का, याचे उत्तर त्या कायद्यात मला सापडले नाही.

आपला,
जमीनमोजणीतून निवृत्त झालेला एक वाचक